हंसाबाई, जयश्रीबाई आणि तंबूतला प्रेक्षक

मराठी सिनेमाच्या इतिहासात मराठवाडा स्टुडिओमुळे येत नाही, निर्मात्यांमुळेही येत नाही. तो येतो एका नटीच्या आत्मकथनात, बंद दाराचं एक घर म्हणून. हंसा वाडकर मुंबई-पुण्यात नावारूपाला आल्या होत्या. नवऱ्याशी बिनसलं तेव्हा त्या एका ओळखीच्या माणसाबरोबर निघाल्या आणि मराठवाड्यातल्या एका आडगावी येऊन पडल्या. त्या माणसाच्या घरात आधीच्या बायका होत्या, त्यात आता ही तिसरी. जवळपास तीन वर्षं त्या तिथे राहिल्या. घरातली कामं करायची, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. शेवटी नवऱ्याला कळवून त्यांनी सुटका करून घेतली.

हे सगळं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. अरुण साधूंनी त्यांच्या आठवणी शब्दबद्ध केल्या, ‘माणूस’ साप्ताहिकातून त्या वाचकांसमोर आल्या आणि १९७० साली राजहंस प्रकाशनाने ‘सांगत्ये ऐका’ नावाने पुस्तक काढलं. नाव उसनं होतं. अकरा वर्षांपूर्वी त्याच नावाच्या चित्रपटात हंसाबाईंनी काम केलं होतं.

पुण्या-मुंबईच्या वाचकाने या प्रकरणातला मराठवाडा अंधारकोठडीसारखा वाचला, आणि तो वाचक चुकला असं म्हणता येणार नाही. पण गोदावरीच्या अलीकडे, बीड-गेवराईच्या बाजूने पाहिलं तर चित्र थोडं वेगळं दिसतं. ज्या मुलखात ही बाई माजघरात अडकून पडली, तोच मुलूख तिच्यासारख्या बायका पडद्यावर पाहायला तंबूत मांडी घालून बसणार होता. या लेखाचा विषय तो प्रेक्षक आहे. आणि त्याच्या डोळ्यांसमोरून गेलेल्या तीन बायका: हंसा वाडकर, जयश्री गडकर आणि स्मिता पाटील.

त्या प्रेक्षकाचं एक गाव म्हणजे गेवराई तालुक्यातलं तलवाडा, त्वरितादेवीचं गाव. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात. कचेरीचा कारभार उर्दूत, शाळा थोड्या, सडका त्याहून थोड्या. १९५६ साली बीड जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. पण करमणुकीने ही सरहद्द कधी फारशी जुमानली नव्हती. भजन, भारूड, गोंधळ, पोतराज हे घरचंच. तमाशाचे फड जत्रा धरून फिरत, मग जत्रा नगर जिल्ह्यातली असो की निजामाच्या हद्दीतली. ढोलकीला मामलेदार कोणत्या सरकारचा आहे, याच्याशी काय देणंघेणं!

गंमत अशी की तिकडे मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारने स्वातंत्र्यानंतर लगेच अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली होती. पुढे ती उठली, पण वग आणि लावण्या तपासून घ्यायची अट मागे राहिली. खरा तमाशा असा संशयित ठरत असताना पडद्यावरचा तमाशा मात्र प्रतिष्ठित झाला. १९४७ साली राजकमलचा ‘लोकशाहीर रामजोशी’ आला. पटकथा आणि गाणी ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाईंचं, जयराम शिलेदार रामजोशी आणि हंसा वाडकर बया. मराठी सिनेमाला पुढची वीस-पंचवीस वर्षं पोसणारा तमाशापट तिथून सुरू झाला.

हंसाबाईंचं खरं नाव रतन साळगावकर. जन्म १९२३ चा. घराण्याचं मूळ सावंतवाडीकडच्या कलावंतिणींचं. घर चालवायचं म्हणून तेराव्या वर्षी, १९३६ मध्ये, त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. १९४१ साली प्रभातच्या ‘संत सखू’त त्या सखू झाल्या. सासुरवास सोसणारी, पंढरीच्या वाटेला डोळे लावून बसलेली सखू. सहा वर्षांनी तीच बाई पायात चाळ बांधून बया झाली, आणि प्रेक्षकाला त्यात काही वावगं वाटलं नाही. ‘सखू’ला हात जोडणारा माणूस ‘बया’ला दाद देतो आणि दोन्ही वेळा त्याचं मन स्वच्छ असतं. हे साधं वाटतं, पण नट्यांविषयी लिहिणाऱ्या शहाण्या माणसांना ते बहुधा जमलेलं नाही. त्यांना नटी एक तर सोज्वळ लागते, नाही तर बदनाम.

तेवीस वर्षांच्या कामानंतर, १९५९ साली ‘सांगत्ये ऐका’ आला. दिग्दर्शक अनंत माने, संवाद-पटकथेला व्यंकटेश माडगूळकरांचा हात, गाणी गदिमांची, चाली वसंत पवारांच्या. पुण्यात विजयानंद थिएटरात हा चित्रपट अडीच वर्षांहून अधिक काळ चालला. गावातल्या एका बड्या माणसाने दडपलेला गुन्हा तमाशाच्या बोर्डावरून चव्हाट्यावर येतो, अशी त्याची गोष्ट. खेड्यातल्या माणसाला ती का भिडली हे समजायला समीक्षक लागत नाही. पंचांपुढे, पोलीस पाटलापुढे, मुकादमापुढे जे बोलता येत नाही ते नाचणारी बाई ढोलकीच्या साथीने बोलते, आणि गावाला बसून ऐकावं लागतं. वगाची ही ताकद गावाला ठाऊक होती. सिनेमाने तिला मोठा पडदा दिला.

या चित्रपटात हंसाबाई होत्या आणि सतरा वर्षांची जयश्री गडकरही होती. आशा भोसल्यांच्या आवाजातली बुगडीची लावणी पडद्यावर जयश्रीबाईंनी केली. त्या लावणीने मग लग्नाच्या मांडवातले, जत्रेतले, पाळण्याच्या कार्यक्रमातले सगळे कर्णे काबीज केले. एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती घुंगरू दिले, असं काही तरी या चित्रपटाविषयी लिहायचा मोह होतो. पण हंसाबाईंचं पुस्तक वाचल्यावर तो मोह आवरावा लागतो. वारसा वगैरे सुखवस्तू माणसांचे शब्द. इथे एक दमलेली बाई आणि एक नवी मुलगी एकाच चित्रपटात आपापल्या पोटासाठी काम करत होत्या.

जयश्री गडकर कारवारच्या. सदाशिवगडाजवळच्या कणसगिरीत १९४२ साली जन्म. म्हणजे मराठी-कोकणी-कानडीच्या सीमेवरचं लेकरू. तमाशाच्या परंपरेशी त्यांचा जन्माने संबंध नव्हता. त्या आल्या समूहनृत्यातून. व्ही. शांताराम यांच्या ‘झनक झनक पायल बाजे’त (१९५५) गोपीकृष्ण आणि संध्या पुढे नाचत होते, आणि मागच्या मुलींच्या रांगेत एक चेहरा जयश्री गडकरचा होता.

ती रांग दुर्लक्षून चालणार नाही. कथा सांगणारं सामूहिक नृत्य, ज्याला शहरात बॅले म्हणू लागले होते, त्याची मुंबईत तोवर दोन दशकांची पुंजी जमलेली होती. मॅडम मेनका यांची मंडळी १९३६ साली बर्लिनच्या नृत्य ऑलिंपियाडमध्ये नाचून, युरोपभर फिरून आली होती. त्या मंडळीत दमयंती जोशी नावाची एक कोवळी मराठी मुलगी होती, ती पुढे कथकमध्ये मोठी झाली. मेनकांनी खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. इप्टाच्या कलापथकातून शांती बर्धन यांच्यासारख्यांनी नृत्यनाटिका उभ्या केल्या. यातलं काहीही बीड जिल्ह्याच्या खेड्यापर्यंत येण्याचा प्रश्न नव्हता. खेड्याने बॅले पाहिला तो सिनेमाच्या रंगीत पडद्यावर, आणि त्याला नाव न देता पाहिला. तमाशातली नाची एकटी रंगबाजी करते. इथे वीस-पंचवीस मुली एका तालात वळतात, याचं नवल वाटलं, एवढंच. त्या शिस्तीत तयार झालेलं अंग घेऊन जयश्रीबाई तमाशापटात गेल्या, म्हणून त्यांच्या लावणीत ठसका असूनही एक नेटकेपणा दिसतो. फडातल्या बायकांची लावणी याहून रांगडी, जास्त मोकळी आणि माझ्या मते जास्त धारदार. पण तंबूतल्या घरंदाज बायकांनी मान वर करून पाहावी अशी लावणी ही पडद्यावरचीच होती.

आता तंबूविषयी.

टुरिंग टॉकीज ही गोष्ट ज्यांनी पाहिली त्यांना वर्णनाची गरज नाही आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांना वर्णनाने कळणार नाही. तरी थोडं सांगतो. ट्रकवर प्रोजेक्टर, पेट्यांत रिळं, कापडी पडदा, कनाती, बांबू आणि जनरेटर. दुपारी कर्ण्यावरून पुकारा, अंधार पडला की खेळ. बायका एका अंगाला, बाप्ये दुसऱ्या अंगाला. खाली जमीन, बसायला घरून पोतं आणायचं. रीळ तुटलं की शिट्ट्या, जोडलं की पुन्हा शिट्ट्या. तंबूंचा हंगाम म्हणजे जत्रांचा हंगाम. मोठ्या जत्रेत एका बाजूला दोन-तीन तंबू आणि दुसऱ्या बाजूला तमाशाचे फड, म्हणजे अस्सल बाई आणि पडद्यावरची बाई यांची एकाच रात्री सरळ टक्कर. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या या फिरत्या सिनेमावाल्यांवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ साली कान महोत्सवात त्याचा खास उल्लेख झाला. तोवर तंबू जवळजवळ संपले होते.

बीड जिल्ह्यात या हंगामाला आणखी एक पदर आहे. दसरा-दिवाळी झाली की इथली लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकच्या कारखान्यांवर चार-सहा महिने पालात काढायचे आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की चैत्र-वैशाखात गावी परतायचं. गावी परतावं तर जत्रा तोंडावर. म्हणजे अंगातला शीण अजून गेलेला नाही, खिशात उचल फेडून उरले असतील ते चार पैसे आणि समोर तंबू. कारखान्याच्या तळावर आठवड्याच्या बाजारालाही तंबू लागत. बीडच्या माणसाने बरेचसे तमाशापट असे पाहिले, अर्धे गावात आणि अर्धे उसाच्या मुलखात. ‘सवाल माझा ऐका’, ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मल्हारी मार्तंड’, ‘साधी माणसं’, ‘एक गाव बारा भानगडी’ ही नावं घेताना जुना माणूस सालाने सांगत नाही. कुठल्या कारखान्याला होतो तेव्हा पाहिला, असं सांगतो. सिनेमाच्या इतिहासकारांनी ही कालगणना लक्षात घ्यायला हवी.

‘साधी माणसं’चं (१९६५) इथे वेगळं नाव घ्यायला हवं. भालजी पेंढारकरांचा चित्रपट, संगीत ‘आनंदघन’ या नावाने लता मंगेशकरांचं. लोहाराचं घर, भाता, ऐरण, शहराच्या मोहात सापडलेली साधी माणसं. जयश्रीबाई इथे लोहाराची बायको. चाळ नाहीत, नखरा नाही. याआधी १९६१ च्या ‘मानिनी’तही त्यांनी घरंदाज सून उभी केली होती. लावणीच्या बाईला लोकांनी लोहारीण म्हणून मान्य केलं, सून म्हणून मान्य केलं. आणि १९७४ च्या ‘हर हर महादेव’मध्ये दारासिंगच्या महादेवाशेजारी पार्वती म्हणूनही. अडीचशेच्या वर चित्रपटांचं काम आहे त्यांचं. त्यातले पुष्कळ फुटकळ असतील, असणारच. पण या बाईचा चेहरा कोणत्या घरात शोभणार नाही, असं घर मराठी पडद्याने शोधूनही सापडलं नसतं.

दरम्यान हंसाबाई १९७१ साली गेल्या. शेवटची वर्षं आजाराची आणि हलाखीची. आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि त्यावर मराठी बातम्या वाचायला एक सावळी, मोठ्या डोळ्यांची मुलगी येऊ लागली. जीन्सवरच साडी नेसून ती बातम्या वाचायला बसते, असा किस्सा पुढे फार पसरला. श्याम बेनेगलांनी तिला हेरलं आणि १९७७ साली ‘भूमिका’त हंसाबाईंचं आयुष्य स्मिता पाटीलच्या अंगावर घातलं. पटकथा बेनेगल, गिरीश कार्नाड आणि सत्यदेव दुबे यांची. मराठवाड्यातलं ते बंद घर तिथे आहे. अमरीश पुरींचा जमीनदार आहे, आणि बाहेर जाण्याची परवानगी मागणारी बाई आहे. स्मिताला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जगभरच्या रसिकांनी ‘भूमिका’ पाहिला.

तलवाड्यासारख्या गावाने तो तेव्हा पाहिला असण्याचा संभव कमी. समांतर सिनेमाची रिळं तंबूवाले आणत नसत. त्यांनाही पोट होतंच. मराठवाड्याविषयीचं सगळ्यात बोचरं दृश्य मराठवाड्याच्या तंबूत लागलं नाही, ते शहरातल्या फिल्म सोसायट्यांत लागलं. ज्यांच्या माजघराची ही गोष्ट, त्यांच्यापर्यंत ती पोचली नाही. मला ही त्या सिनेमाची मोठी हार वाटते. स्मिता पाटीलची नव्हे. तिचा तो चेहरा खेड्यात ‘जैत रे जैत’ने आणि हिंदी सिनेमांनी पोचवलाच. १९८६ च्या १३ डिसेंबरला ती गेली, बाळंतपणानंतर, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. ती बातमी दूरदर्शनने दिली, जिथून तिने सुरुवात केली होती.

त्यानंतर सहा आठवड्यांनी, २५ जानेवारी १९८७ ला, रविवारी सकाळी साडेनऊला रामानंद सागर यांचं ‘रामायण’ सुरू झालं.

गावात टीव्ही मोजके. ग्रामपंचायतीत एखादा, सरपंचाकडे किंवा मास्तरांकडे एखादा. पत्र्यावर ॲल्युमिनियमचा अँटेना. तो हातानं फिरवायला एक पोरगं वर आणि ‘आलं, आलं, गेलं’ म्हणणारं एक खाली. वीज दगा देईल म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी आणून ठेवलेली. पुढे अंबाजोगाईला मोठं प्रक्षेपण केंद्र झालं, पण ‘रामायणा’ची ती वर्षं मुंग्या-मुंग्यांचीच. देशभर जे झालं ते इथेही झालं: टीव्हीला हार, उदबत्ती, चपला उंबऱ्याबाहेर.

आणि त्या मुंग्यांमधून अयोध्येचा राजवाडा दिसला, तर त्यात ओळखीची मंडळी. दशरथ म्हणजे बाळ धुरी, मराठी रंगभूमीवरचे. कौसल्या म्हणजे जयश्री गडकर, खऱ्या आयुष्यातही धुरींची पत्नी. १९७५ साली त्यांचं लग्न झालं होतं. भरत संजय जोग, तोही मराठी. मंथरा ललिता पवार. येवल्याची ही बाई मूकपटांच्या काळापासून पडद्यावर होती. १९४२ साली एका चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड जोरात बसली आणि त्यांचा डोळा कायमचा बारीक झाला. त्याच डोळ्यावर त्यांनी पुढची अर्धी कारकीर्द जिंकली. १९६१ च्या ‘संपूर्ण रामायणा’तही मंथरा त्याच होत्या. कैकेयी पद्मा खन्ना, हिंदी सिनेमातली नामांकित नर्तिका. म्हणजे रामाच्या दोन माता पडद्यावर नाचून नाव कमावलेल्या. देशातल्या कोट्यवधी घरांनी त्यांच्यापुढे उदबत्ती लावली आणि कुणाची भावना दुखावली नाही.

तीस वर्षांपूर्वी तंबूत याच बाईला शिट्टी मारलेला माणूस आता कौसल्येच्या दुःखात धोतराने डोळे पुसत होता. ‘संत सखू’ ते ‘बया’ हा हंसाबाईंचा प्रवास इथे उलट्या दिशेने झाला होता. शहरात यावर चर्चा झाल्या असत्या; गावाने दोन्ही वेळा काम बघितलं. कलावंताची इज्जत वेगळी आणि भूमिकेची वेगळी, हे त्याला फडाने शिकवलं होतं. गणेशाला वंदन करणारी, गवळणीत कृष्णाशी भांडणारी, लावणीत डोळा मारणारी आणि वगात राणी होणारी बाई एकाच रात्री एकच असते, हे पाहत तो वाढला होता.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. हा उदारपणा पडद्यावरच्या बाईपुरता होता. कौसल्येला हात जोडणाऱ्या गावात फडातल्या बाईला भाड्याने खोली मिळत नव्हती. तिच्या पोरांना शाळेत बापाचं नाव विचारलं जात होतं. तमाशापटांनी ज्यांची बोली, ज्यांचे पेहराव आणि ज्यांचं दुःख विकलं, त्या बायकांच्या पदरात त्या गल्ल्यातलं काही पडलं नाही. जयश्रीबाईंच्या मोठेपणाला यानं उणेपणा येत नाही, पण तमाशापटांच्या गौरवसमारंभात हा हिशेब निघायला हवा, आणि तो निघत नाही.

जयश्री गडकर २९ ऑगस्ट २००८ ला मुंबईत गेल्या. ‘अशी मी जयश्री’ हे त्यांचं आत्मचरित्र मागे आहे. मृत्युलेखांतून लावणीसम्राज्ञी हे विशेषण फिरत राहिलं. कौसल्या शेवटच्या परिच्छेदात, लोहारीण बहुतेकांच्या लेखी नव्हतीच.

बारा वर्षांनी त्या पुन्हा घराघरांत आल्या. २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली. देश घरात बसून कौसल्या पाहत होता तेव्हा बीडचे हजारो ऊसतोड कामगार घरी नव्हते. पट्टा पडायची वेळ आली होती आणि जिल्ह्याच्या हद्दी बंद झाल्या होत्या. कारखान्यांच्या तळांवर, पालांत, मुलाबाळांसह ते अडकून पडले. एप्रिलच्या मध्यानंतर सरकारने परवानगी दिली तेव्हा ते गावाकडे निघाले. त्या वर्षी जत्रा भरली नाही. तमाशाच्या फडांच्या सुपाऱ्या बुडाल्या त्या वेगळ्याच.

बीड जिल्ह्यातल्या सार्वजनिक वाचनालयांना एक विनंती. हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ अजून मिळतं, लहान पुस्तक आहे, किंमतही फार नाही. एक प्रत आणून ठेवा. आपल्या मुलखातल्या एका घराविषयी त्यात जी काही पानं आहेत, ती इथल्या माणसांनी वाचायची अजून राहिली आहेत.